शांतिनिकेतनातील काव्यश्रवण

कलकत्त्याच्या जोडासाँको भागातील ठाकुरांच्या वाड्यात, १८७० सालाच्या आसपास, दिवेलागण झाली की घरातील लहान मुले नोकरांच्या स्वाधीन होत. ह्या नोकरांपैकी ईश्वर नावाचा एक गृहस्थ पूर्वी खेड्यात पंतोजी होता. मुलांचा दंगा आवरावा कसा, हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. आणि त्याने त्यावर जुन्या पंतोजीला शोभेल असाच उपाय काढला. एरंडेलाच्या मिणमिणत्या दिव्याभोवती तो मुलांना बसवी आणि रामायण-महाभारताची पोथी मोठ्याने वाचू लागे. वर तुळयांपाशी पाली किडे टिपीत असत, बाहेर ओसरीवर वटवाघळांच्या घिरट्या चालत, आणि मुले आ वासून ऐकत राहत. रात्र वाढली आणि कथा अर्धीच राहिली, तर घरातील किशोरी चट्टोपाध्याय हे वृद्ध आश्रित येत आणि दाशरथी राय ह्यांच्या रचना झपाट्याने म्हणून कथा शेवटास नेत. ह्या ऐकणाऱ्या मुलांतच रवींद्रनाथ होते. पुढे १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'जीवनस्मृती'त त्यांनी हा प्रसंग मोठ्या जिव्हाळ्याने वर्णिला आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. येथेही चातुर्मासात श्रीधराचे 'हरिविजय', 'रामविजय' आणि 'पांडवप्रताप' घरोघर लागत. पोथी सांगणारा एक, ऐकणारे दहा, आणि त्या दहांत चारदोन मुले आजीच्या मांडीवर पेंगत ऐकणारी, असा तो थाट असे. दिवेलागणीच्या परवच्यात मुलांना स्वतः म्हणावे लागे, चुकले की बोलणी खावी लागत. पोथीच्या वेळी मात्र त्यांच्याकडून कोणी काही मागत नसे. स्वस्थ बसून ऐकणे एवढेच त्यांचे काम. हे नुसते ऐकणे म्हणजे शिक्षण होय असे त्या काळी कोणाला वाटले नसेल. रवींद्रनाथांनी मात्र पुढे आपल्या शाळेच्या पायाचा एक दगड ह्याच श्रवणाचा घातला. आणि तो तसा का घातला हे समजण्यासाठी त्यांच्या स्वतःच्या शाळेचे दिवस पाहिले पाहिजेत.

रवींद्रनाथ एका शाळेत फार काळ टिकले नाहीत. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बेंगॉल अकॅडमी, सेंट झेवियर्स अशी त्यांची भ्रमंती झाली आणि अखेर शाळेचा नाद घरच्यांनी सोडून दिला. ह्यांपैकी नॉर्मल स्कूलमध्ये वर्ग सुरू होण्यापूर्वी सर्व मुलांना ओळीने बसवून एक इंग्रजी पद्य सुरात म्हणावयास लावीत. दिवसाचा आरंभ काही आनंददायक गोष्टीने व्हावा, हा चालकांचा हेतू चांगलाच होता. परंतु शब्द इंग्रजी, चाल परकी, आणि म्हणण्याची सक्ती! मुलांच्या तोंडी त्या शब्दांचा असा काही चेंदामेंदा झाला की, प्रौढ वयात रवींद्रनाथांनी मूळ ओळी शोधून काढण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्यांतला काही भागच त्यांना उलगडला.

म्हणजे एकाच मुलाला एकाच वयात पद्य दोन प्रकारांनी भेटले. घरी दिव्याजवळ ते कानांवर पडत होते आणि मनात घर करीत होते. शाळेत ते तोंडून वदवून घेतले जात होते आणि मनापर्यंत पोचतच नव्हते. दोन्हीकडे अर्थ पुरता कळत नव्हता हे विसरता कामा नये. ईश्वराच्या पोथीतील प्रत्येक शब्द त्या मुलांना कळत होता असे नाही. तेव्हा कळणे आणि न कळणे ह्यांत खरा भेद नव्हता. घरी मूल आपण होऊन कान देत होते; शाळेत त्याला कान देण्याची सवडच नव्हती.

'जीवनस्मृती'त ह्याच सुमाराची आणखी एक आठवण आहे. मुळाक्षरे आणि जोडाक्षरे ह्यांच्या जंगलातून वाट काढीत असता पाऊस आणि झाडाचे पान ह्यांविषयीचे एक चिमुकले सयमक वाक्य त्यांच्या वाचनात आले. धडा संपला, पुस्तक मिटले, तरी त्याचा नाद कानांत घुमत राहिला. यमकाची गरज काय, ह्याचे उत्तर त्यांना त्या दिवशी मिळाले: यमकामुळे बोलणे संपूनही संपत नाही, कान आणि मन ते पुढे खेळवीत राहतात. तीच गोष्ट जयदेवाच्या 'गीतगोविंदा'ची. संस्कृत येत नसलेल्या त्या मुलाच्या हाती बंगाली लिपीत छापलेली एक जुनी प्रत आली. तीत चरण वेगळे पाडलेले नव्हते, सगळे गद्यासारखे सलग छापलेले होते. त्याने तो ग्रंथ पुनःपुन्हा वाचला, त्यातील छंद स्वतःच्या कानाने हुडकून काढला, आणि अखेर सबंध ग्रंथ उतरवून घेतला. शिकविण्याचे मुख्य काम अर्थ समजावून देणे हे नसून मनाच्या दारावर थाप मारणे हे होय, असा निष्कर्ष त्यांनी अशा आठवणींतून काढला आहे.

परंतु ऐकावे कसे, हे त्यांना कोणी शिकविले असेल तर ते त्यांच्या वडिलांनी, महर्षी देवेंद्रनाथांनी. १८७३ साली, मुंज झाल्यावर, देवेंद्रनाथ ह्या मुलाला हिमालयाच्या यात्रेस घेऊन निघाले. वाटेत पहिला मुक्काम बीरभूम जिल्ह्यात बोलपूरजवळच्या माळावर पडला. तेथे देवेंद्रनाथांनी १८६३ साली वीस बिघे जमीन घेतली होती. माळ उजाड, त्यावर सातवीणीची दोन झाडे काय ती सावलीला. त्या सावलीत महर्षी ध्यानास बसत. आणि त्या ठिकाणी उभारलेल्या घराला त्यांनी शांतिनिकेतन हे नाव दिले. पुढे त्याच यात्रेत, अमृतसरच्या मुक्कामी, संध्याकाळी देवेंद्रनाथ ओसरीवर बसत आणि मुलाला भजन म्हणण्यास बोलावीत. झाडांतून चांदणे खाली उतरलेले असे. मुलगा गात असे, आणि पिता मान खाली घालून, हात जुळवून, निश्चल ऐकत असे. वडील ऐकत आहेत, आणि सगळ्या जिवाने ऐकत आहेत, हे त्या अकरा वर्षांच्या मुलाने पाहिले. अवधान म्हणजे काय ह्यावर व्याख्यान देण्याची मग जरुरी उरली नाही.

ह्याच माळावर २२ डिसेंबर १९०१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, रवींद्रनाथांनी शाळा काढली. आरंभी विद्यार्थी पाच. त्यांतला एक त्यांचा स्वतःचा मुलगा रथींद्रनाथ. पैशाची ओढ विलक्षण होती. शाळा उभी राहावी म्हणून पत्नी मृणालिनीदेवींनी अंगावरचे दागिने काढून दिले, आणि शाळेला एक वर्ष पुरे होण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९०२ मध्ये, त्या वारल्या. पुढच्या वर्षी मुलगी रेणुका गेली. दुःखाच्या ह्या दिवसांत त्या ओसाड माळावर एक विशीतला तरुण शिक्षक म्हणून येऊन राहिला. त्याचे नाव सतीशचंद्र राय.

सतीश स्वतः कवी होता. पदवीची परीक्षा तोंडावर आली असता ती सोडून तो शांतिनिकेतनात आला. दारिद्र्य त्याच्या घरीही होते. परीक्षा दिली असती तर नोकरी मिळाली असती. परंतु त्याचे मन ह्या शाळेवर जडले होते. त्याची शिकविण्याची रीत अशी की, जे त्याला स्वतःला आवडे तेच तो मुलांपुढे वाची. मुलांना झेपेल का, वयाला शोभेल का, असा हिशेब तो करीत नसे. मोठमोठ्या कवींचे काव्य तो लहान मुलांना तोंडाने ऐकवी. रवींद्रनाथांनी पुढे अमेरिकेत दिलेल्या 'माझी शाळा' ह्या व्याख्यानात सतीशविषयी मोठ्या ममतेने सांगितले आहे. मुलांना अक्षरशः आणि बिनचूक समजलेच पाहिजे असे त्याला वाटत नसे. त्यांची मने जागी व्हावीत एवढेच त्याला हवे होते, आणि त्यात तो हटकून यशस्वी होई, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

शिक्षकाच्या पेशातील जाणत्या माणसाला ह्यातील मर्म चटकन कळेल. वर्गात कविता वाचताना शिक्षकाचा एक डोळा पुस्तकाकडे आणि दुसरा घड्याळाकडे असतो. कविता संपते न संपते तोच अन्वय, वृत्त, समास आणि कठीण शब्द ह्यांची उलटतपासणी सुरू होते. मुलाला हे ठाऊक असते; म्हणून कविता कानांवर पडत असतानाच ते पुढच्या प्रश्नाची धास्ती घेऊन बसते. त्याचे चित्त कवितेत नसून परीक्षेत असते. सतीशने ही धास्ती काढून टाकली. ती गेल्याबरोबर मूल मोकळे झाले, आणि मोकळे झालेले मूल ऐकू लागले.

सतीशला हे काम करावयास जेमतेम वर्षच मिळाले. १९०४ च्या फेब्रुवारीत देवीची साथ येऊन त्यात तो गेला. वय अवघे बाविशीच्या घरातले. साथीच्या भयाने शाळा काही काळ शिलाइदह येथे हलवावी लागली. उत्तंकाच्या पौराणिक कथेवर त्याने लिहिलेली 'गुरुदक्षिणा' ही छोटी गोष्ट मात्र मागे राहिली. डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन ह्या इंग्रज शिक्षकाने १९१६ साली शांतिनिकेतनावर जे पुस्तक लिहिले, त्यात त्या गोष्टीचे भाषांतर आवर्जून समाविष्ट केले आहे. १९०७ च्या नोव्हेंबरात रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ मुंगेर येथे पटकीने वारला. तो ह्याच शाळेतला विद्यार्थी. एवढे होऊनही शाळा बंद पडली नाही. पुढच्याच वर्षी मुलांनी तेथे 'शारदोत्सव' ह्या नाटकाचा प्रयोग केला.

ह्या काळात शाळेची जी दिनचर्या बसली तिचे वर्णन पिअर्सन ह्यांनी तपशिलाने केले आहे. पहाटे उजाडण्यापूर्वी मुलांची एक टोळी गीत गात आश्रमाभोवती फिरे, आणि त्या गाण्याने बाकीची मुले जागी होत. ह्या प्रभातफेरीला तेथे 'वैतालिक' म्हणत. मग झाडलोट आणि स्नान उरकून प्रत्येक मूल आपले आसन घेऊन मोकळ्यावर किंवा झाडाखाली जाई आणि पंधरा मिनिटे एकटे, मुकाट्याने बसे. त्यानंतर सगळी एकत्र जमून उपनिषदांतील मंत्र म्हणत, आणि मग झाडांखाली वर्ग भरत. संध्याकाळी पुन्हा तशीच पंधरा मिनिटे. रात्री जेवणापूर्वीच्या वेळात गोष्टी, नाटुकली, वाचन. आणि निजण्याच्या वेळी पुन्हा गाणाऱ्यांची फेरी. म्हणजे मुलाचा दिवस गीताने उघडे आणि गीताने मिटे. आणि मध्ये दोनदा स्वस्थतेचा अवकाश असे.

ह्या पंधरा मिनिटांविषयी रवींद्रनाथांनी जे सांगितले आहे ते फार उद्बोधक आहे. मुले ह्या वेळात ईश्वरचिंतन करतात असा आव त्यांनी कधी आणला नाही. मुलांनी ढोंगी होऊ नये, एवढ्यासाठीच त्यांनी त्या वेळात काय करावे ह्याची सक्ती केली नाही. ती झाडावर धावणाऱ्या खारी पाहत बसली तरी चालेल; मात्र त्यांनी गप्प बसावे आणि स्वतःला आवरावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. योगाच्या पुस्तकांत अशी सूट सहसा सापडत नाही. पण मुलांच्या स्वभावाची ज्याला पारख आहे त्याला तिचे मोल कळेल. खारीकडे एकटक पाहणारे मूलही एकाग्रच झालेले असते. कवितेचे तसेच आहे. ऐकता ऐकता मुलाचे मन एखाद्या शब्दापाशी थबकले आणि बाकीची कविता पुढे निघून गेली, तर ते मन भटकले असे समजण्याचे कारण नाही. ते त्या शब्दापाशी मुक्कामाला राहिले, इतकेच.

गीतांचा हा वारा खेळता ठेवण्याचे काम अनेकांनी केले. त्यांत रवींद्रनाथांचे नातेवाईक दिनेंद्रनाथ ठाकुर प्रमुख होते. कवी गीत रची आणि चाल विसरून जाई. दिनेंद्रनाथ ती ध्यानात ठेवीत आणि मुलांच्या कानांत घालीत. म्हणूनच 'फाल्गुनी' नाटक त्यांना अर्पण करताना रवींद्रनाथांनी त्यांना आपल्या सर्व गाण्यांचे भांडारी म्हटले. महाराष्ट्राचाही ह्यात वाटा होता. भीमराव शास्त्री हे महाराष्ट्रीय पंडित तेथे हिंदुस्थानी संगीत शिकवीत असत. साताऱ्यास जन्मलेले काका कालेलकर १९१४-१५ च्या सुमारास काही महिने त्या आश्रमात राहिले होते, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत गांधीजी प्रथम शांतिनिकेतनात आले तेव्हा त्या दोघांची गाठ तेथेच पडली.

परंतु ह्या शाळेला सगळ्यांची मान्यता होती असे मुळीच नाही. आईबापांची पहिली शंका अशी की, झाडाखाली बसून गाणी ऐकणारा मुलगा परीक्षेत पास कसा होणार? मोठ्या मुलांना कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घ्यावीच लागे. त्यातून शाळेची सुटका नव्हती. दुसरी शंका सरकारची. पूर्व बंगाल आणि आसाम ह्या प्रांताच्या सरकारने १९११ च्या सुमारास एक गुप्त परिपत्रक काढून, सरकारी नोकरांच्या मुलांच्या शिक्षणास ही शाळा सर्वथा अयोग्य आहे, असे कळविले. परिणामी काही पालकांनी आपली मुले काढून नेली. १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाल्यावर शाळेचे नाव जगभर झाले, १९२१ साली विश्वभारतीची स्थापना झाली; पण आपली शाळा हळूहळू इतर शाळांसारखी होत चालली आहे, ही खंत रवींद्रनाथांच्या मनातून गेली नाही. १९१८ साली त्यांनी लिहिलेल्या पोपटाच्या गोष्टीत, सोन्याच्या पिंजऱ्यात पोथ्यांची पाने कोंबून कोंबून राजाचे पंडित पोपटाला शिकवितात आणि पोपट मरून जातो. ती गोष्ट सगळ्या देशातील शाळांना उद्देशून होती. परंतु लिहिताना स्वतःच्या शाळेची काळजी लेखकाच्या मनात नसेल असे म्हणवत नाही.

१९३० साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर असता, त्यांनी लहान मुलांसाठी 'सहज पाठ' हे बंगाली वाचनाचे पुस्तक रचले. नंदलाल बसूंनी त्याला चित्रे काढली. त्यात अक्षरओळखच मुळी पद्यातून होते. जोडाक्षरांच्या जंगलात जो नाद त्यांना लहानपणी योगायोगाने सापडला होता, तो बंगालच्या प्रत्येक मुलाला पहिल्याच पानावर सापडावा, अशी ही योजना होती. ७ ऑगस्ट १९४१ रोजी कवी निवर्तले. १९५१ साली विश्वभारती हे मध्यवर्ती विद्यापीठ झाले, आणि २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तेथील मुलांचे वर्ग झाडांखाली भरण्याची रीत मात्र मोडलेली नाही. १९७० साली, वयाच्या पन्नाशीत, बंगाली शिकण्यासाठी पु. ल. देशपांडे ह्याच ठिकाणी जाऊन राहिले. त्या वास्तव्याची रोजनिशी 'वंगचित्रे' ह्या नावाने मराठी वाचकांच्या परिचयाची आहे.

हा सगळा इतिहास आज पुन्हा आठवण्याचे कारण असे की, मुलांची मने स्थिर व्हावीत म्हणून जगातील पुष्कळ शाळांतून अवधानाचे धडे देण्याचे प्रयोग अलीकडे झाले आहेत. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांतील ८,००० हून अधिक मुलांवर असा एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. शिक्षकांना आधी तयार करून त्यांच्याकरवी मुलांना ठरावीक पाठ देण्यात आले. नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांपेक्षा ह्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही अधिक सुधारणा दिसली नाही. शिवाय घरी करावयास सांगितलेला सराव बहुतेक मुलांनी केलाच नाही. एका प्रयोगावरून अखेरचा निर्णय देणे योग्य नव्हे. तरी पण स्वस्थ बसणे हाही अभ्यासाचा एक विषय झाला आणि त्यालाही गृहपाठ आला की मुले त्याच्याशी इतर गृहपाठांप्रमाणेच वागणार, एवढे तरी ह्यावरून ध्यानात यावे. नॉर्मल स्कूलच्या चालकांचा हेतूही वाईट नव्हता. मुलांचा दिवस आनंदाने सुरू व्हावा एवढेच त्यांना हवे होते.

शांतिनिकेतनातील रीत मोठ्या खर्चाची नव्हती आणि नाही. तिला माळ लागतोच असे नाही, सातवीणीची झाडेही लागत नाहीत. दिवसातून पाच-दहा मिनिटांची स्वस्थता, ज्याला ती कविता मनापासून आवडते असा एखादा वाचणारा, आणि वाचून झाल्यावर काही न विचारण्याचा संयम, एवढ्या तीनच गोष्टी तिला पुरतात. ह्यांपैकी पहिल्या दोन शाळेत काय, घरातही जमण्यासारख्या आहेत. तिसरी सर्वांत अवघड. कारण मुलाला काय कळले हे विचारल्यावाचून वडीलमाणसांना चैन पडत नाही. अमृतसरच्या त्या ओसरीवर देवेंद्रनाथांनी मुलाला भजनाचा अर्थ विचारल्याची नोंद नाही. गाणे संपेपर्यंत ते मान खाली घालून ऐकत राहिले, आणि मुलाला ते चाळीस वर्षांनंतरही आठवत होते.